लालमुळी

त्या वर्षी तलाव इतका आटला की चाळीस वर्षांपूर्वी पाण्याखाली गेलेलं गाव उघडं पडलं. सुरुवातीला लोक हौसेनं बघायला गेले, उरल्यासुरल्या भिंतींवर बसून गप्पा मारल्या आणि आठ दिवसांत कंटाळले. वीटकराला त्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला गाळ हवा होता. तळात वीतभर खणलं की लोण्यासारखी माती लागायची, आणि तिची वीट भाजल्यावर खणखणीत वाजायची. सकाळी हातगाडी घेऊन तो तळात उतरायचा, चार खेपा आणायचा आणि ऊन चढलं की अंगणात माती तुडवायला घ्यायचा.

एरवी साच्यातून वीट काढायचं काम बायकोचं. तिचा हात असा बसलेला की साचा उचलताना एक कड मोडायची नाही. या हंगामात ती जागा रिकामी होती. थंडीत तिच्या छातीतली गाठ काढली होती, आणि आता शहरातल्या दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध चढत होतं. असं सहा वेळा चढायचं होतं. साच्यावर तिची मावशी बसू लागली. मावशीनंच बायकोला लहानाची मोठी केलेली. सत्तरी उलटलेली, कंबर वाकलेली, जीभ मात्र सरळ.

"माझ्या विटांना नावं ठेवू नका, जावईबापू," ती म्हणायची. "माझ्याकडं बघून त्यापण वाकतात."

भट्टीचा मुकादम यायचा आणि ओळीतली वीट पायाच्या अंगठ्यानं ढकलून बघायचा. "ही वीट म्हणायची की ढेकूळ? मोडा ही ओळ." वीटकर ओळ मोडायचा आणि तोच चिखल पुन्हा तुडवायला घ्यायचा.

दुसरा डोस झाला आणि तिसऱ्याच्या दिवशी दोघं पहिल्या बसनं दवाखान्यात गेले. डोसाआधी रक्त तपासायचं असा तिथला नियम. रक्त काढणाऱ्यानं तीनदा सुई टोचली तरी शीर सापडेना.

"शिरा फार पळतात हो तुमच्या," तो म्हणाला.

"मी नाही ना पळत," बायको म्हणाली आणि दुसरा हात पुढं केला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी कागद बघून मान हलवली. "पांढऱ्या पेशी अकराशेवर आल्यात. आज डोस नाही."

"पण आजची तारीख दिली होती," वीटकर म्हणाला.

"हे औषध गाठीच्या पेशी मारतं, तसंच रक्तातल्या चांगल्या पेशीही मारतं. त्या भरून आल्याशिवाय पुढचा डोस दिला तर साध्या तापानंही माणूस दगावतं. पोटात एक इंजेक्शन घ्या, आठ दिवसांनी या. मधे ताप आला तर घड्याळ बघू नका, सरळ निघून या."

"आणि डोस असाच लांबत गेला तर?" बायकोनं विचारलं.

"तेवढा लांबू द्यायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या कागदाकडं वळल्या.

परतीच्या बसमध्ये बायकोशेजारी एक बाई बसली. तिनं डोक्याचा रुमाल पाहिला, भुवयांची मोकळी जागा पाहिली, आणि उठून दांड्याला धरून उभी राहिली. बायकोनं त्या रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली, जणू जागा पिशवीसाठीच राखलेली होती.

घरी आल्यावर मावशीनं सगळं ऐकून घेतलं. हाताचा चिखल धुतला. मग म्हणाली, "लालमुळी पाहिजे."

"ती काय असते?"

"हिच्या वेळी हिच्या आईच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. पांढरीफटक पडली होती. त्या गावच्या सुईणीनं तिला लालमुळी दिली. पाणी आल्यावर बहीण माझ्याकडं राहायला आली, तेव्हा पिशवीत घेऊन आलेली. कुटायची, चारला एक उरेपर्यंत उकळायची, गाळून द्यायची. पंधरा दिवसांत नखं गुलाबी झाली तिची. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"कुठल्या गावच्या सुईणीनं?"

मावशीनं हनुवटीनं तळाकडं दाखवलं. "त्याच. दुसरीकडं कुठं उगवायची नाही ती. पाणी आलं आणि संपलं सगळं."

"मग?"

"मग काय? पाणी गेलंय ना आता."

दुसऱ्या दिवशी माती भरून झाल्यावर वीटकर त्या गावात शिरला. गल्ल्या तशाच होत्या, नुसती छपरं नव्हती. भिंती कुठं गुडघ्याएवढ्या, कुठं कमरेएवढ्या. सगळ्यावर राखाडी गाळाचा थर, वाळून तडकलेला. शिंपल्यांचा खच पडलेला. तळात दिवसभर बगळे असायचे, पण गावाच्या आत एकही उतरलेला दिसेना. हातगाडीचं चाक वाटभर कुरकुरत आलं होतं. पहिल्या गल्लीत वळल्यावर त्याचाही आवाज बसला. तो घराघरात डोकावला. तांबड्या देठाचं झाड, बोटाएवढी पानं, असं मावशीनं सांगितलेलं. दोन दुपारी हिंडला. काडीसुद्धा मिळाली नाही.

"नाही मिळालं," त्यानं घरी येऊन सांगितलं.

बायको खाटेवर डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "विहिरीवरून डाव्या हाताला तिसरं घर. उंबरा मधे खचलाय. मागच्या खोलीत बघा, कोनाड्याखाली."

ताप चढला असेल म्हणून त्यानं कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

तिसऱ्या दिवशी तो विहिरीवरून डावीकडं वळला. तिसऱ्या घराचा उंबरा दगडाचा होता, आणि मधोमध पावलांनी झिजून खचलेला. मागच्या खोलीच्या तीनच भिंती उभ्या होत्या. एकीत हातभर कोनाडा, आणि त्याच्याखाली ओलसर कोपऱ्यात तांबड्या देठाची तीन झाडं.

त्यानं खुरपं घातलं. मुळं करंगळीएवढी जाड होती. मोडल्यावर आतून लाल पाणी सुटायचं आणि बोटाला ओल्या लोखंडाचा वास लागायचा.

मावशीनं मुळं ओळखली. तिला आनंद झाला, पण वीटकराच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. "तुम्ही हिला त्या घराचं कधी सांगितलं होतं का? उंबरा, कोनाडा असलं काही?"

"मी काय सांगणार? माझी बहीण घरच्यांच्या मनाविरुद्ध त्या गावात जाऊन राहिली. आमचं जाणंयेणं बंद. मी त्या गावात पाऊल ठेवलेलं नाही, तिचं घर कुठून बघणार?"

"मग हिच्या आईनं सांगितलं असेल."

"आई गेली तेव्हा ही दीड वर्षाची. आणि हिचा जन्म वर, या वस्तीत आल्यावर. पाणी आलं तेव्हा ही पोटात होती." मावशी खलात मुळं कुटायला लागली. "तुम्हाला मुळी मिळाली ना? मग झालं तर."

काढा विटकरी रंगाचा व्हायचा. बायको नाक दाबून प्यायची आणि पेल्याच्या तळाला राहिलेला गाळ बोटानं चाटून घ्यायची. तो मात्र चाटायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांनी पेशी पाच हजारांवर निघाल्या. वीटकराच्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इंजेक्शनचा चांगला उपयोग झाला." मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घरी काही झाडपाल्याचं देता का?"

वीटकर भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत म्हणाला, "नाही."

"नाही," बायकोही म्हणाली, आधीच ठरवल्यासारखी.

तिसरा डोस झाला. मग चौथा. तळव्यांना मुंग्या यायला लागल्या आणि बायको डावा पाय ओढत चालू लागली. न्हाणीपर्यंत जायचं तर भिंत धरायला लागायची. पण पेशी टिकून होत्या. वीटकर दर चार-पाच दिवसांनी त्या घरात जायचा. कोनाड्याखालची तिन्ही झाडं त्यानं पहिल्याच दिवशी मुळासकट काढली होती. पाचव्या दिवशी तिथंच पुन्हा तीन होती, तेवढीच उंच. मुळाचा तुकडा राहिला असेल, अशी त्यानं मनाची समजूत काढली. तुकड्यावरून पाच दिवसांत वीतभर झाड येतं का, हे त्यानं मावशीला विचारलं नाही.

एकदा तो आत गेला तर मागच्या खोलीतला गाळ झाडलेला होता. अगदी कोपऱ्यापर्यंत. खालची जमीन दिसत होती आणि तिच्यावर खराट्याचे फराटे होते. गाळाचा ढीग उंबऱ्याबाहेर, नीट एका बाजूला. वीटकर बराच वेळ फराट्यांकडं बघत राहिला. कुणीतरी दुसरंही मुळी काढायला येत असणार. पण झाडं तर होती तशीच होती. मुळी काढायला आलेलं माणूस जमीन कशाला झाडेल?

बाहेरच्या ओल्या जागेत पावलं उमटली होती. अनवाणी, बाईमाणसाची. डावं पाऊल फरपटलेलं.

घरी येऊन त्यानं मावशीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी तळात असतो तेव्हा ही काय करते?"

"काय करणार? दार लावून झोपते. मी इकडं साच्यावर असते. हाक मारून उठवू नका म्हणते."

त्यानं खोलीत जाऊन बघितलं. बायको झोपली होती. चादरीतून तळवे बाहेर आले होते, आणि दोन्ही तळवे धुतलेले, स्वच्छ होते. दिवसभर खाटेवर पडून असलेल्या माणसाचे पाय इतके घासूनपुसून कशाला धुवायचे, हा विचार त्याच्या मनात आला. त्यानं तो तिथंच ठेवला आणि माती तुडवायला गेला.

पाचव्या डोसाच्या आधी रक्त काढणाऱ्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि खिडकीशी नेऊन तिची खालची पापणी ओढली. डोळा हळदीसारखा पिवळा होता. दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावून दार लावलं.

"पेशी चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "पण यकृताला सूज आलीय. आमच्या औषधानं येऊ शकते. पण इतकी, इतक्या लवकर येईल असं वाटत नाही. मागं विचारलं होतं, पुन्हा विचारते. घरी काय देता?"

टेबलाखाली बायकोनं त्याचं मनगट धरलं. नखं रुतली. भिंत धरल्याशिवाय न्हाणीपर्यंत न जाणाऱ्या बाईच्या हातात इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मुळी देतो," तो म्हणाला. "काढा करून. तिसऱ्या डोसाच्या आधीपासून. मी तेव्हा खोटं बोललो."

आता शिव्या बसणार म्हणून त्यानं मान खाली घातली. पण डॉक्टरीणबाई नुसत्या लिहीत राहिल्या. किती, कधी, कशी, सगळं विचारून लिहून घेतलं.

"मुळीमुळं पेशी वाढल्या असतील का हो?" त्यानं विचारलं.

"वाढल्याही असतील. इंजेक्शननं वाढल्या असतील. मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच बंद करा. तुमच्या मुळीचं आमच्या औषधाशी पटतं की नाही, हे कुणी तपासलेलं नाही, आणि ते तपासायची जागा तुमच्या बायकोचं अंग नव्हे. झाड आणून द्या, मी कुणाला तरी दाखवते. डोस दोन आठवड्यांनी बघू."

घरी आल्यावर त्यानं उरलेली मुळं भट्टीच्या तोंडात टाकली. मावशी रागावली. "माझ्या बहिणीला लागू पडली, हिलाच कशी बाधेल?"

"तुमच्या बहिणीच्या शिरेत विष चढत नव्हतं, मावशी."

त्या दिवशी साच्यातून मावशीनं एकही बरी वीट काढली नाही. जेवण पुढं ठेवलं की बायको भिंतीकडं तोंड करायची.

नवव्या दिवशी वीटकर तळात माती भरत होता, तोच मुकादम वरच्या काठावरून ओरडला, "फावडी उचला आणि वर या. वरच्या अंगाला पाऊस झालाय, तिकडच्या धरणाची दारं उघडलीत. पाणी येतंय." आभाळ इकडं कोरडं ठाक होतं. वीटकरानं गाडी वर ओढली आणि भर दुपारी घरी पोचला.

"झोपलीय," मावशी साच्यावरून म्हणाली.

दार आतून लावलेलं होतं. त्यानं हाक मारली, थाप मारली. मग मागच्या बाजूनं जाऊन खिडकीतून बघितलं. खिडकीचं दार उघडं होतं, बाहेर दोन कच्च्या विटा पायरीसारख्या रचल्या होत्या आणि खाटेवर नुसती चादर होती.

तो पळत सुटला. तळाची ती वाट गाडी घेऊन अर्ध्या तासाची. गावाच्या पहिल्या गल्लीत पाणी आलं होतं. पिवळट, बोटभर, आवाज न करता पुढं सरकत होतं. विहिरीपाशी घोट्याला लागलं. वळताना त्याला कळलं की आपण पुन्हा पुन्हा हाक मारतोय आणि भिंतींच्या आत ती ऐकूच येत नाहीये.

मागच्या खोलीत बायको कोनाड्याखाली भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल नव्हता. जमीन झाडून लख्ख केलेली, कोपऱ्यात खराटा उभा केलेला, तीन दगडांची चूल मांडलेली. तिची हनुवटी लाल झाली होती. मांडीवर कच्च्या मुळ्या होत्या आणि ती एक चावत होती.

"इथं पाय दुखत नाहीत," ती म्हणाली. "बघा ना, मी सगळं झाडलं."

"पाणी येतंय. ऊठ."

"आई म्हणाली, अजून वेळ आहे."

"कोण आई?"

"असं काय विचारता," ती म्हणाली. खुळ्या माणसासारखी नव्हे, तर दमलेल्या, शहाण्या माणसासारखी. "मी काय वाट चुकून आले का इथं? दवाखान्यात पेशी चढल्या, उतरल्या, माझ्या अंगात काय चाललंय हे सगळ्यांना कागदावर कळतं. मला काही कळत नाही. मला एवढंच कळतं की इथं आल्यावर मी भरते."

"डोळे पिवळे झालेत तुझे."

"माहीत आहे मला."

"मला साच्यावर तू पाहिजेस," तो म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही. "मावशीच्या विटा रोज मोडाव्या लागतात."

ती त्याच्याकडं बघत राहिली. उंबऱ्यावरून पाणी आत आलं, झाडलेल्या जमिनीवर पसरलं. तिनं तोंडातली मुळी हातावर काढली, जरा बघितली आणि खाली सोडली. मग लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले.

त्यानं तिला पाठीवर घेतलं. ओल्या मातीच्या पाटीपेक्षा ती हलकी होती. घराबाहेर पडला तेव्हा पाणी पोटरीला लागत होतं. विहिरीपाशी पोचला आणि मागून झाडल्यासारखा आवाज आला. खर्र, खर्र. मग थांबून पुन्हा खर्र. शिंपल्यांवरून पाणी सरकताना असा आवाज होतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण पाणी थांबून थांबून वाहत नाही. बायको तर त्याच्या पाठीवर होती, तिचे दोन्ही हात त्याच्या गळ्यात होते.

"ऐकलंत?" तिनं कानाशी विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि पावलं उचलली.

चढ चढून काठावर आल्यावर त्यानं तिला खाली ठेवलं आणि वळून बघितलं. भिंतींचे वरचे काठ तेवढे दिसत होते. थोड्या वेळानं तेही दिसेनात.

डॉक्टरीणबाईंनी पाचवा डोस जरा कमी करून दिला, तोही ठरलेल्या दोन आठवड्यांपेक्षा आणखी आठ दिवस उशिरा. पेशी पुन्हा घसरल्या, इंजेक्शनं घ्यावी लागली, हाडं ठणकली. एकदा ताप आला आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. वीटकर व्हरांड्यात फरशीवर झोपला. पण डोळ्यांचा पिवळेपणा उतरत गेला. सहावा डोस झाला. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "आता तीन महिन्यांनी या." वीटकरानं झाडाचं विचारलं. पाण्याच्या दिवशी बायकोच्या कपड्याला एक फांदी अडकून आली होती, ती त्यानं नेऊन दिली होती. "दाखवली दोघातिघांना," त्या म्हणाल्या. "त्यांना ओळखू आली नाही. फूल असतं तर सांगता आलं असतं म्हणाले."

त्या दिवशी बसमधून उतरून घरी आल्यावर बायको चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "भूक लागलीय." सात महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून आला नव्हता. मावशीची धांदल उडाली. भात उतरेपर्यंत तिला तीनदा चटका बसला. बायकोनं दोनदा वाढून घेतलं. वीटकर आपलं जेवण सोडून तिच्या घासांकडं बघत होता.

हात धुताना ती त्याला हळूच म्हणाली, "आई येऊन गेली काल."

त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "काय म्हणाली?"

"पाण्यामुळं तिला आता खोली नाही म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, इथं राहा." ती ओले हात झटकून आत गेली, भिंतीला हात न लावता.

वीटकर अंगणात उभा राहिला. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडल्या होत्या. स्वतःचं घर दोन खोल्यांचं, तेही बापानं बांधलेलं. मुकादमानं शेवटी शेवटी नाकारलेल्या, मोडायच्या राहिलेल्या, मावशीच्या हातच्या वाकड्या विटा कुंपणाशी रचून ठेवल्या होत्या. भाजून घेतल्या तर भिंतीला पुरल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घराच्या मागच्या अंगाला चार खुंट्या ठोकल्या आणि पायाची दोरी ताणली. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ही कुणासाठी खोली, जावईबापू? आपण तर तिघंच."

"होईल उपयोग," तो म्हणाला आणि खणायला लागला.